पहिला घट्ट घास

"ताई, रागावू नका... पण ती वाटी माझ्याकडे द्या," असं म्हणत भावजयीने तिच्या हातातली वाटी हळूच, पण ठामपणे काढून घेतली. सात महिन्यांची ठमी उंच खुर्चीत बसून दोघींकडे आळीपाळीने टकामका पाहत राहिली.

ताईने गाजर नीट घोटलं गेलंय का, एवढंच पाहायला वाटी उचलली होती. भरवायचं धाडस तिने केलंच नसतं. "अगं, मी नुसती बघत होते," असं पुटपुटत तिने कोरडेच हात टॉवेलला पुसले. खिडकीशी बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, पण मान वर केली नाही.

भावजय स्वभावाने वाईट नव्हती. पण लग्नानंतर आठच दिवसांत कुणा चुलत सासूने तिच्या कानात घातलं होतं, की तुझ्या नणंदेच्या हातून एक तान्हं लेकरू गेलंय, सांभाळून राहा. आणि ते सगळ्या नात्यागोत्यात खरंच मानलं जात होतं. सफरचंदाची फोड घशात अडकून नऊ महिन्यांची धाकटी बहीण गेली, तेव्हा ताई सोळा वर्षांची होती. "फोड कुणी दिली तिला?" असं आईने टाहो फोडून विचारलं, तेव्हा ताईच म्हणाली होती, "मी."

दिली होती बाबांनी. लेकीला मांडीवर घेऊन लाडालाडाने. पण आईचे ते डोळे पाहिले, आणि त्या पोरवयातही ताईला कळून चुकलं, की ही बाबांना या जन्मी क्षमा करणार नाही. घर मोडेल, आणि चार वर्षांचा भाऊ आईबापांमध्ये फरफटला जाईल. तो एक शब्द तिच्या तोंडून निघून गेला. बाबांनी ओठ उघडले... आणि मिटले. ते ओठ पुढे तीस वर्षं मिटलेलेच राहिले.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. त्या सहा वर्षांत तिने ताईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आई गेल्यावर भावाला ताईनेच वाढवलं. तिला सांगून आलेली स्थळं त्या एका गोष्टीपाशी येऊन माघारी फिरली. तिने नोकरी धरली ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, ज्या रोग्यांना गिळता येत नाही त्यांचं जेवण करण्याची. कुणाला किती घोटायचं, कुणाला किती दाट द्यायचं, चमचा तिरपा केल्यावर घास कसा सावकाश घसरला पाहिजे, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरसुद्धा विचारायला यायचे. घरात मात्र तिने वाटीला हात लावायची सोय नव्हती!

दिवस जात होते आणि ठमी वाळत चालली होती. भावजय घाबरून गाजर, बटाटा, नासपती, काय असेल ते पाण्यासारखं पातळ करून द्यायची. ते हनुवटीवरून ओघळायचं, ठमी तोंड फिरवायची, आणि भावजय वाटी घेऊन रडकुंडीला यायची. त्या महिन्यात दवाखान्यातल्या काट्यावर ठमीचं वजन तसूभरही वाढलेलं दिसलं नाही. "आता दाट द्यायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भावजयीने मान हलवली, पण घरी येऊन पुन्हा गाळणी घेतली.

सुट्टीचा दिवस होता. भाऊ घरीच होता. ते पाणी पाहून ताईला राहवलं नाही. "अगं, थोडं घट्ट ठेव. तिला जिभेवर काही लागलं तरच ती गिळायला शिकेल."

भावजयीच्या मनात इतके दिवस दाटलेलं सगळं एकदम फुटलं. "तुम्ही नका सांगू हो ताई! बाकी सगळ्यांनी सांगावं मला, पण तुम्ही नको..." आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.

भाऊ गोंधळला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, तू जरा आत जा ना. थोडा वेळ."

भावजयीचं बोलणं तिने कधीचंच पोटात घातलं होतं. पण हे... ज्याला तिने तापात रात्रभर मांडीवर घेतलं, ज्याच्यासाठी स्वतःचा संसार मांडलाच नाही, त्याने तिला आत जा म्हणावं? ती आत गेली. खाटेखालची पिशवी ओढून तिने चार कपडे भरले. इस्पितळाच्या आवारात कामवाल्या बायकांसाठी खोल्या होत्या. तिथे एक रिकामी होती, हे तिला ठाऊक होतं.

पिशवी घेऊन ती बाहेर आली, तर दाराशी बाबा उभे होते. काठीही न घेता, चौकटीला धरून.

"खाली ठेव ती," ते म्हणाले. मग मुलाकडे वळले. आवाज इतका बारीक, की भावजयीने रडणं थांबवून कान दिला. "तुझ्या धाकट्या बहिणीला फोड मी दिली होती रे. हिने नाही. ही तर शाळेतून नुकती येत होती. आईने विचारलं, आणि ही माझ्या आधी बोलली. मी म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग तुझी आई गेली... आणि मग सांगायचं कुणाला, असं म्हणून मी सुटलो."

ठमी चमचा खुर्चीवर आपटत होती.

"आईला तरी सांगायचं होतं, बाबा," ताई म्हणाली. तीस वर्षांत तिने त्यांना दिलेला हा एकच दोष. "शेवटच्या दिवशी तरी. माझ्या हातून घोटभर पाणी घेऊन गेली असती."

भाऊ पुढे झाला, त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि लहानपणी बिलगायचा तसा तिला बिलगला. तिच्या खांद्यावर त्याचे अश्रू झिरपत राहिले. भावजय मात्र स्वयंपाकघरात गेली होती. ती परतली तेव्हा तिच्या हातात उकडलेल्या गाजराचं भांडं होतं, न गाळलेलं.

"मला क्षमा मागायचीसुद्धा लाज वाटते, ताई," ती म्हणाली. "पण मला शिकवा. माझी पोर उपाशी राहतेय."

ताईने गाजर काट्याने चेचलं, चमचा तिरपा करून पाहिला, ठमीची पाठ सरळ केली आणि अर्धा चमचा तिच्या ओठांशी नेला. ठमीने तोंड उघडलं. घास आत गेला... आणि ती ठसकली. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. भावजय धावलीच. भिंतीला टेकलेल्या बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"थांब," ताई म्हणाली. "ती खोकतेय, ऐक. आवाज येतोय, म्हणजे श्वास चाललाय. तोंडात बोट घालू नकोस. तिचं तिला सावरू दे."

ठमी दोनदा खोकली. घास जिभेवर पुढे आला, तिने तो चघळल्यासारखा केला, जरा विचारात पडली आणि गिळून टाकला. मग चिडून टेबलावर हात आपटला, पुढचा कुठंय म्हणून. भावजय रडता रडताच हसायला लागली.

सहा घास झाले. सातवा चमचा भरून ताई उठली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बाबांसमोर तिने तो धरला.

"मला नको सांगूस, पोरी," ते मागे सरकले. "तेव्हापासून मी कुठल्याच लेकराला भरवलेलं नाही."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "म्हणूनच. या, बसा इथे. मी आहे ना जवळ."

बाबा खुर्ची ओढून बसले. चमचा थरथरत होता, म्हणून ताईने खालून त्यांचं मनगट धरलं. ठमीने आजोबांकडे नीट निरखून पाहिलं, आणि मोठ्ठा आ केला.