कापलेला अर्धा मार्क

दौंडचा सार्थक मास्तर आमच्या केंदूरच्या ओट्यावर पहिल्यांदा आला, तो भांडायलाच. मी कांदे निवडत होते.

"सुलक्षणा मॅडम इथंच राहतात का?"

"राहती. लेक हाय माझी. कुणाचं काय बिघडवलं तिनं?"

"एका पोराचं. पाच मार्कांच्या उत्तराला मी चार दिले, मॅडमनी दोन!"

दोघंही दहावीला विज्ञान शिकवायचे. ती शिरूरकडं, तो दौंडात. मोठ्या उत्तराला दोन मास्तर सारखेच मार्क देतात का, हे बघायला बोर्डाच्या वरच्या सायबांनी तीच उत्तरं पोरांची नावं झाकून दोघांना धाडलेली. आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. पहिल्या सायबांनीच उघडून दोघांना कळवलेल्या.

लेक बाहेर आली, तसा तो सुरू झाला, "तळं वरून गोठतं, खाली मासे जगतात... पोराला कळलंय, मॅडम."

"पण चार अंशाला पाणी सगळ्यात जड, हे कुठंय?"

"तुम्ही मासे मारताय!"

लेक हसली. चारचौघांत न हसणारी माझी लेक! मी बघितलं, आन् कांदाच निवडत राहिले.

मग दर पंधरा दिवसाला नवा गठ्ठा घेऊन त्याची फटफटी दारात; चिठ्ठ्या आता आमच्याच ओट्यावर उघडायच्या. एकदा तेच तळ्याचं जुनं उत्तर गठ्ठ्यात परत आलं. चिठ्ठ्या उघडल्या, तर दोनाचे हिनं साडेतीन केलेले. पोरीची मान खाली.

"माझाच हात माझ्याशी जुळत नाही..."

त्याला टोमणा मारता आला असता. तो हळूच म्हणाला, "माझाही नाही. मी चाराचे तीन केले."

त्या दिवशी मी त्याच्या चहात आलं घातलं.

शेवटचा गठ्ठा झाला. कप कोरडा पडला, तरी मास्तर उठेना.

"आता यायला... काही कारण नाही," तो फटफटीला सांगितल्यागत बोलला. ही नुसती गठ्ठ्याची दोरी सोडती, बांधती.

एवढी शिकलेली, आन् दोघांना तोंड न्हाई! मी दोन कोऱ्या चिठ्ठ्या पुढ्यात टाकल्या.

"आता प्रश्न माझा. सुलक्षणे, ह्यो मास्तर नवरा म्हणून कसा? मास्तर, माझी लेक बायको म्हणून कशी? पाचापैकी लिवा. बघाबघी न्हाई!"

मला अक्षर लागत नाही, आकडा लागतो. त्याच्या चिठ्ठीवर पाच. हिच्या चिठ्ठीवर साडेचार.

मास्तरचा चेहरा उतरला. "अर्धा... कशाचा कापला?"

"उत्तर बरोबर आहे," ती दोरीकडं बघत म्हणाली, "पण स्वतःहून नाही लिहिलं. आईनं विचारल्यावर लिहिलं."

"मग... फेरतपासणी?"

"पंधरा दिवसांनी. येताना आई-वडिलांना आणा."

आठव्याच दिवशी तिघं दारात. मी आलं जरा जास्तच ठेचलं.