विमानात वाळत घातलेला शर्ट

कार्ड गुलाबी झालं होतं.

वापरात नसलेली नव्वद विमानं आमच्या वाळवंटात झोपवलेली. खिडक्यांना चंदेरी कागद, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, आणि दाराच्या काचेत एक छोटं कार्ड. कोरडं असेल तर निळं, ओल शिरली की गुलाबी. ती कार्डं बघत फिरायचं, हे माझं काम. टूसॉन शहराच्या उत्तरेला, जिथे थुंकीसुद्धा जमिनीवर पडेपर्यंत वाळते, तिथे गुलाबी कार्ड?

तणतणत शिडी चढले, दार उघडलं. बाराव्या रांगेत सीटच्या पाठींवर ओले शर्ट पसरलेले. तीन! आणि त्यांच्यामागून एक कुरळं डोकं वर आलं.

"अहो साहेब, बाहेर एवढं कडकडीत ऊन, आणि तुम्ही कपडे विमानात वाळत घालताय?"

"आमच्याकडे बाहेर घातले की भिजतात…" तो ओशाळून म्हणाला. "सवय. मी नाबोर. हालापाहून आलोय. कंपनीने या विमानासोबत राखणीला पाठवलंय."

हालापा! आठवडा आठवडा भुरभुर पाऊस पडणारं गाव. मला हसू आवरेना. त्याचे डोळेही ओलसर, नुकतीच सर येऊन गेल्यासारखे. खोटं कशाला बोलू, मी तिथेच घसरले.

मग तो रोज गावाकडची कॉफी आणायचा, मी आईच्या हातचा बीन्सचा बुरितो. पंखाच्या सावलीत बसून तो मला पाऊस सांगायचा. कौलांवरचा, केळीच्या पानांवरचा, चालता चालता पापणीवर बसणारा…

"पुरे हं. माझं कार्ड गुलाबी होईल."

"कुठलं? गालावरचं?"

"नाबोर!"

उभ्या विमानाची चाकं एकाच जागी दबून चपटी होतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी ती पाव फेरा फिरवायची. एका फेरीच्या वेळी त्याने चाकाच्या तळाशी, जमिनीलगत, उलट्या अक्षरांत खडूने काहीतरी लिहिलं आणि घाईघाईने आच्छादन बांधलं.

"काय लिहिलंस?"

"अजून दोनदा पाव फेरा झाला की अक्षरं सुलटी होतील. तेव्हा वाच. तोवर बघायचं नाही. शपथ घे, ओफेलिया."

"आणि आत्ता का नाही?"

"महिन्याने माझी मलाच लाज वाटली, तर पुसून टाकीन."

घेतली शपथ. पंधरा दिवसांनी चाक पाव फिरलं, मी तोंड फिरवून उभी राहिले. उरलेले पंधरा दिवस मी बोटांवर मोजत होते.

अकराव्या दिवशी मुकादम डॉन फेर्मिन म्हणाले, "पोरी, नाबोरचं विमान परवा उडणार. आज चाकं बदलायची."

मी पळत सुटले. नाबोर चाकापाशी बसला होता, आच्छादन सोडलेलं, हातात ओलं फडकं.

"पुसू नकोस!"

"मी जाणारच आहे… आता काय उपयोग?"

"लाज वाटतेय का?"

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "भीती वाटतेय."

चाक अर्धवटच फिरलेलं, अक्षरं आडवी. शपथ गेली खड्ड्यात! मी तिथल्या तिथे धुळीत कुशीवर आडवी झाले, आणि अक्षरं सुलटी झाली.

*मी इथेच राहिलो तर तुला आवडेल?*

महिना व्हायला आला होता! हा प्रश्न माझ्या पायाशी लिहिलेला होता, आणि मी शहाण्यासारखी तोंड फिरवत होते.

"राहता येईल?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"कंपनीची अजून दोन विमानं आहेत इथे. राखणदार हवाय. पण आज दुपारपर्यंत कळवायचंय, आणि तुझं मन कळल्याशिवाय…"

"बावळट! आवडेल. खूप आवडेल. फडकं टाक आधी."

त्याने फडकं टाकलं, आणि तोही माझ्यासमोर धुळीत आडवा झाला. मी रडत होते. त्याने बोटाने माझा गाल पुसला, पण तोवर तो वाळलाच होता.

"एक अट आहे," मी म्हटलं. "शर्ट बाहेर वाळत घालायचे."

दोन दिवसांनी विमान उडालं. माझ्या आईच्या अंगणातून आम्ही ते ठिपका होईपर्यंत पाहिलं. मग नाबोरने सहज, नुकत्याच तारेवर घातलेल्या शर्टला हात लावला.

"अगं, वाळलासुद्धा!" तो म्हणाला, आणि तोच शर्ट घालून जेवायला आला.