भांगातली मोजणी

अमावास्येच्या पहाटे आईने खालच्या खडपावरून (समुद्रालगतच्या खडकांवरून) टोपलीभर कालवं (खाण्याचे शिंपले) काढून आणली, आणि नऊ वाजता पंचायतीच्या फळ्यावर अहवाल लागला: 'खडप जवळजवळ निर्जीव. आढळलेल्या जाती सात. भराव टाकण्यास हरकत नाही.' मग टोपलीत होते ते काय, दगड?

अकरा वर्षांच्या ऊर्मी मेथरच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या सकाळी सुनावणी. तिथे हा अहवाल मान्य झाला की नव्या धक्क्यासाठी खडपावर काँक्रीट ओतणार आणि आईचं कालवं काढणं कायमचं संपणार! ती तरातरा शाळेच्या अंगणात गेली. अहवाल लिहिणारा मोजणीदार, म्हणजे किनाऱ्यावरचे जीव मोजणारा सहा पायांचा यंत्रमानव, तिथे उन्हात चार्ज होत बसला होता.

"खोटारड्या!" ऊर्मी ओरडली.

"मला खोटं लिहिता येत नाही," मोजणीदार शांतपणे म्हणाला. "मी भरतीच्या खुणेपासून पाण्यापर्यंत छेदरेषा (सरळ ताणलेली दोरी) टाकली. तिच्यावर दर पाच मीटरला चौकट (चार पट्ट्यांची रिकामी फ्रेम) ठेवली आणि चौकटीतला प्रत्येक जीव मोजला. सगळा किनारा मोजणं शक्य नसतं. म्हणून असे नमुने घेतात."

"चौकटी किती बसल्या?"

"पाच. अष्टमीला."

ऊर्मीच्या मागोमाग आई आलीच होती. तिने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, अष्टमीक भांग असता! सरपंचान सांगल्यान ना तुका, भांगात मोजू नको म्हणान?"

"सांगितलं होतं. भांग म्हणजे केस विंचरताना मधे पाडतात ती रेघ. मला केस नाहीत. म्हणून ती सूचना मला लागू नाही, असं मी ठरवलं."

एरवी ऊर्मी हसून लोळली असती. आज तिला नुसता संताप आला. एवढा शहाणा, पण भांग म्हणजे काय, हे सरपंचांनाच विचारायला काय झालं होतं?

"नीट ऐक," ती म्हणाली. "अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत असतात. दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून उधाण येतं. भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते. अष्टमीला चंद्र-सूर्य काटकोनात ओढतात, म्हणून पाणी थोडंच हलतं. तो भांग! तू मोजलंस तेव्हा खालचं सगळं खडप पाण्याखालीच होतं."

मोजणीदाराचे दिवे मिणमिणले. "म्हणजे मी वरचा कोरडा तुकडा मोजला आणि संपूर्ण खडपाला निर्जीव म्हटलं."

"म्हटलंस! आता संध्याकाळी सुकती लागेल, पूर्ण ओहोटी होईल, तेव्हा चल."

सहा वाजता पाणी दूरवर ओसरलं. या वेळी दोरीवर चौदा चौकटी बसल्या. नवव्या चौकटीच्या जरा बाजूला तारामासा दिसला, तशी ऊर्मीने चौकट हळूच तिकडे सरकवली.

"नाही," मोजणीदार म्हणाला. "आवडेल तिथे चौकट ठेवली, तर आपली मोजणीही खोटी ठरेल."

ऊर्मीने दात-ओठ खात चौकट परत जागेवर ठेवली. तिथे तारामासा नव्हता, पण कालवं होती, समुद्रफुलं होती, दगडाखाली दडलेले इवलेसे खेकडे होते. अंधार पडेपर्यंत त्रेसष्ट जाती झाल्या.

सुनावणीत परवानगी देणाऱ्या साहेबांनी जुनाच अहवाल पुढे केला. "यंत्र कधी चुकतं का?"

"चुकलं," मोजणीदार म्हणाला. "भांगात मोजलं."

साहेबांनी त्रेसष्ट जातींची यादी दोनदा वाचली आणि भरावाची परवानगी थांबवली. आईने डोळे पुसले. ऊर्मीचा राग मात्र उतरला नव्हता. "याआधी आणखी किती किनारे भांगात मोजलेस?"

मोजणीदाराने नोंदी चाळल्या. "अकरा."

"मग बसलायस काय? ऊठ!"

पुढच्या उधाणाला तो शेजारच्या गावी पोचला. दोरी सोडण्याआधी त्याने जाळं विणणाऱ्या बाईला विचारलं, "मावशी, आज भांग तर नाही ना?"