टाकीच्या तळाची रेव

श्रावणातल्या एका सोमवारी चिंतामणराव बर्वे चिपळूणच्या बाजारात गेले ते माशांच्या टाकीसाठी पाच किलो रेव आणायला. दुकान नितेशचं. चाळिशीतला माणूस, गेल्याच वर्षी सावंतवाडीहून इथे येऊन स्थिरावलेला.

"काका, जुनी रेव का बदलताय?"

"काळी पडल्ये. जरा ढवळली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात."

"मग बदलायलाच हवी. पण सगळं एकदम धुऊन काढू नका हां."

"माहीत आहे. आमच्या मुलीने वहीत लिहून ठेवलंय सगळं."

नितेशने मान हलवली. ही मुलगी त्याने कधी पाहिलेली नव्हती. पाहणार तरी कुठून? ओवीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. त्या वर्षीचा मोठा पूर ओसरल्यावर ती शेजारपाजारच्या घरांतला चिखल उपसायला गेली. पायाला काचेने चिरलं होतं, तिने कोणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी ताप आला. लेप्टो म्हणाले डॉक्टर, पुराच्या घाण पाण्यातून होणारा, आणि पाचव्या दिवशी ती गेली. एकोणीस वर्षांची पोर. तिची माशांची टाकी माडीवर होती म्हणून पुराच्या पाण्यातून वाचली. चार एंजल मासे, सात टेट्रा. ओवीच्या मागे जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

आणि कमलाताईंनी, तिच्या आईने, जगात तेवढंच धरून ठेवलं. सकाळी चहा झाला की त्या माडीवर टाकीसमोर खुर्ची ओढून बसत, ते दिवेलागणीपर्यंत. माणसांशी बोलणं सुटलं होतं. काचेशी तोंड नेऊन मात्र हळू आवाजात काहीबाही बोलत. चिंतामणराव जिन्यात थांबून ऐकत आणि तसेच खाली जात. हे मासे मेले तर ही बाई राहायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी ते रेवेची पिशवी घेऊन वर आले. बाहेर पाऊस असा लागला होता की दोन वाजता दिवा लावावा लागला.

"रेव नका हलवू," कमलाताई म्हणाल्या.

"अगं, मासे मरतील अशाने."

"झोपल्ये ती..."

असल्या बोलण्याची चिंतामणरावांना सवय झाली होती. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळलेला माणूस. त्यांनी वही उघडली आणि कामाला लागले.

ओवीचं अक्षर मोठं, गोल. 'साबण न लागलेली बादली. तिच्यात टाकीतलंच अर्धं पाणी. मग मासे. वर फडकं, म्हणजे उडी मारणार नाहीत. हवेची नळी सोडायची.' त्यांनी तसंच केलं. एकेक मासा जाळीत घेऊन बादलीत सोडला, अकरा मोजले. पुढे लिहिलं होतं, 'फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही!! टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळायचा. त्यात चांगले जिवाणू असतात, तेच माशांची घाण पचवतात. नवी रेव घातली तरी मूठभर जुनी कापडात बांधून वर ठेवायची. बाबा, चकाचक करायला जाल तर मासे मारून ठेवाल.' ते शेवटचं वाक्य वाचून त्यांना हसू आलं, आणि मग पुढचं दिसेना. चष्मा पुसून त्यांनी बाही वर केली.

मूठभर जुनी रेव त्यांनी आधी कापडात बांधून वाडग्यातल्या पाण्यात ठेवली. मग खुरप्यासारखा छोटा डाव घेऊन एका कोपऱ्यातून रेव काढू लागले. पाणी काळं झालं. वास उठला. पण अंड्याचा नव्हे. शिकेकाईचा.

कमलाताई खुर्चीत ताठ झाल्या.

चिंतामणरावांच्या बोटांभोवती काहीतरी गुंडाळलं गेलं. त्यांना वाटलं, शेवाळ. उजेडात धरलं तर केस होता. काळाभोर, ओला, लांब. त्यांनी ओढला. तो येत राहिला, वीतभर, हातभर, मग दोन हात. मग मात्र अडकला.

त्यांनी जरा जोर लावला. तर खालून कोणीतरी उलट ओढलं.

जोराने नाही. वेणी घालताना दुखलं की लहान मूल कसं डोकं मागे घेतं, तेवढंच.

त्यांनी वाकून टाकीच्या तळाकडे पाहिलं. जिथली रेव निघाली होती तिथे नुसती काच, काचेखाली टेबलाचं लाकूड. दुसरं काही नाही. आणि केस त्या काचेवरच ताणलेला.

"कमला... हे काय आहे?"

कमलाताईंचे स्वतःचे केस पांढरे होते, मानेशी कापलेले.

चिंतामणरावांनी फिल्टर उघडला. स्पंजमधूनही केस आरपार गेलेले, शिवल्यासारखे. मग मात्र त्यांचा धीर सुटला. वही, नियम, सगळं गेलं. स्पंज त्यांनी मोरीत नळाखाली धरला आणि बोटं सोलवटेपर्यंत चोळला. उरलेली रेव केसांसकट घमेल्यात भरली, वाडग्यातली पुरचुंडीसुद्धा तिच्यात उपडी केली, आणि मागच्या परसात माडाच्या आळ्यात ओतून आले. टाकी घासली, नळाच्या पाण्याने भरली, नवी पांढरी रेव पसरली. मासे सोडले. सगळं लख्ख दिसत होतं.

तेव्हा कमलाताई उठल्या.

"कुठे टाकलीत?"

"परसात."

"अस्थी मी सगळ्या नव्हत्या दिल्या तुमच्याकडे," त्या अगदी सावकाश म्हणाल्या. "मूठभर ठेवल्या होत्या. रोज चिमूट चिमूट रेवेत मिसळल्या... तिला पाण्यात सोडायचं तर तिच्याच पाण्यात सोडावं, असं वाटलं मला."

चिंतामणराव पावसात धावले. माडाच्या आळ्यातून पाण्याचा लोट परसाबाहेरच्या पऱ्यात चालला होता, आणि पऱ्या दुथडी भरून खाली नदीकडे. त्यांनी गुडघे टेकून चिखल हातांनी उपसला. हाती आले चार-सहा खडे. तेही आधीपासून परसातलेच असावेत.

चिखलात बसल्या बसल्या त्यांच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली. ओवीला त्यांनी स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता. दोन हात लांब केस जळलेल्या देहाला कुठून येणार?

बुधवारी सकाळपर्यंत अकराही मासे मेले. वर तरंगले नाहीत. तळाशी, नव्या रेवेत डोकं खुपसून उभे राहिले होते, एका ओळीत. स्पंज धुतला, पुरचुंडी फेकली, नळाचं पाणी तसंच ओतलं. मासे कशाने मेले हे चिंतामणरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

कमलाताई रडल्या नाहीत. केळशीहून त्यांचा भाऊ सखाराम आला आणि बहिणीला घेऊन गेला. निघताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "दोनदा पोचवलंत तिला." त्यानंतर चिंतामणराव रोज फोन करत. सखाराम फोन बहिणीच्या कानाशी धरी. पलीकडे श्वास ऐकू येई, शब्द नाही. पुढे पुढे त्यांनीही बोलणं सोडलं. दोघं तसेच फोन धरून बसत.

घरात रिकामी टाकी बघवेना, तेव्हा भाद्रपदाच्या सुरुवातीला त्यांनी ती नितेशला देऊन टाकली. "असू दे दुकानात. कोणाला हवी तर दे."

चौथ्या दिवशी भर दुपारी नितेश रिक्षात टाकी घालून दारात हजर. टाकी चादरीत गुंडाळलेली, वरून दोरी आवळलेली. त्याने ती ओटीवर ठेवली, पण आत आला नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाला.

"काय रे, फुटली का?"

"नाही काका." त्याची नजर चादरीवरून हलेना. "एक विचारू?"

"विचार की."

"तुमची मुलगी... डावखुरी होती काय?"

"होती," चिंतामणराव म्हणाले. "तुला कोणी सांगितलं?"

"रोज सकाळी काचेवर आतून बोटं उमटलेली असतात. डाव्याच हाताची," नितेश म्हणाला. मागे न बघता रिक्षात जाऊन बसला.