पृथ्वीकडे पाय

चंद्रावरच्या वस्तीत झोपण्याआधी प्रत्येक घरात एक गोष्ट आवर्जून पाहिली जाई: पृथ्वीकडे कुणाचे पाय तर नाहीत ना. खिडकीतली पृथ्वी कायम एकाच जागी असे, उगवत नसे की मावळत नसे, त्यामुळे उशी कुठल्या बाजूला ठेवायची याचा घोळ नव्हता. हा रिवाज पहिल्यांदा आलेल्या बायकांनी पाडला. घरची आठवण दाटून आली की माणूस असं काहीतरी करतंच. शर्वरीही त्यांतलीच एक.

म्हणूनच लेकीनं पृथ्वीवर जायला साफ नकार दिला, तेव्हा ती चक्रावून गेली.

सात वर्षांची ऋजुता चंद्रावरच जन्मलेली. 'अस्थिबल' हे नवं औषध हाडांना पृथ्वीवरचं वजन पेलायला तयार करी, पण ते फक्त वाढत्या हाडांना लागू पडे. शर्वरीची हाडं इथे राहून ठिसूळ झाली होती. तिला परतीची मनाई होती. लेकीनं तरी माती तुडवावी, वहाळाच्या पाण्यात पाय सोडून बसावं, आजोबांजवळ वाढावं, एवढी एकच इच्छा तिनं जपली होती. यान पुढच्या आठवड्यात निघणार होतं.

"पृथ्वी सगळ्याच्या मधोमध आहे," ऋजुता म्हणाली. "ती हलत नाही. सूर्य, तारे तिच्याभोवती फिरतात, मी रोज बघते. तिच्यावर पाय ठेवायचे?"

संगमेश्वरच्या शाळेत शर्वरीच्या वडिलांनी, अण्णांनी, हयातभर पृथ्वी सूर्याभोवती फिरवली, आणि त्यांच्याच नातीनं तिला पुन्हा मध्ये नेऊन बसवलं होतं. शर्वरीनं त्यांना पडद्यावर बोलावलं. उत्तर यायला तीनेक सेकंद लागत. तेवढ्यात ती नेहमी त्यांच्या मागचं अंगण बघून घेई.

सगळं ऐकून अण्णा हसले. "पोर डोळस आहे. पृथ्वी मध्ये धरूनही आकाशाचं गणित मांडता येतं, फक्त फार किचकट होतं. नुसतं बघून तिला खोटं पाडता यायचं नाही. अगो, फुगडी विसरलीस काय? घाल तिच्याशी."

श्रावणात घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात आई गरगर फिरवायची, तो काकणांचा आवाज शर्वरीला आठवला आणि डोळे भरून आले. तिनं लेकीचे हात गुंफून धरले. चंद्रावर वजन ते काय. दोन गिरक्यांत ऋजुताचे पाय जमिनीवरून सुटले.

"काय दिसतं गो?" अण्णांनी विचारलं.

"आई एका जागी आहे. घर फिरतंय."

"घर फिरतंय खरं?"

"नाही, मीच फिरतेय. पण मग आईचा चेहरा हलत का नाही?"

"तिचे हात धरून, तिच्याकडे तोंड करून फिरतेस म्हणून. चंद्राची पृथ्वीशी अशीच फुगडी चाललीय. बरं, तुम्हां दोघींत मोठा फेरा कुणाला पडला?"

"मला. दंड दुखले."

"हलक्याला मोठा फेरा. सूर्य पृथ्वीहून तीन लाख पटींनी जड आहे. आता त्यांच्यात मोठा फेरा कुणाला?"

ऋजुतानं दुखरे दंड चोळले. "पृथ्वीला," ती हळूच म्हणाली. "पण पायांचं काय?"

अण्णांनी वाकून अंगणाच्या मातीला हात लावला. "आम्ही सकाळी उठलो की आधी जमिनीला हात लावून तिची माफी मागतो, आणि मग दिवसभर खुशाल तिच्यावर नाचतो. ती रागावली असती तर मी इतका म्हातारा झालो असतो काय?"

ऋजुता खुदकन हसली. शर्वरी ज्यासाठी झुरत होती तो होकार त्या हसण्यात होता, आणि तो मिळताच तिला घर आतापासूनच ओकंबोकं वाटू लागलं.

बॅग भरताना ऋजुतानं विचारलं, "आई, तिथून आपला चंद्र फिरताना दिसेल?"

"दिसेल ना. उगवेल, मावळेल."

"आणि त्याचं तोंड?"

"कायम तुझ्याकडे."

ऋजुतानं घडी केलेला फ्रॉक बॅगेत ठेवला आणि आईचे दोन्ही हात धरले.

"मग मी तिथे आणि तू इथे, हलक्या चंद्रावर. आता आपल्या दोघींत मोठा फेरा कुणाला पडणार?"