एक विकेट पडेपर्यंत

आमच्या घरची डिश वान्नेरांनी वाकडी केली नसती, तर धनराज माझ्या आयुष्यात आलाच नसता. आता सांगा, मी राग कोणावर काढू? त्या काळतोंड्यांवर?

दोन हजार एकवीसचा ऑक्टोबर होता. सिंदेवाहीपासून आत, जंगलाच्या कडेले आमचं गाव. धान कापणीले आलेला, अन् संध्याकाळी वीस ओव्हरच्या वर्ल्ड कपमधी भारत-पाकिस्तान. नेमकी त्याच दिवशी दुपारी वान्नेरांची टोळी छपराच्या कवेलूवरून धडाधड गेली, अन् टीव्हीवर नुसता निळा पडदा. माझा काका, भैयाजी काका, क्रिकेटचा येडा. त्यानं सिंदेवाहीच्या डिशवाल्याले फोनवर फोन लावून आणलाच.

तोच हा धनराज. आला, शिडी लावली, सरसर वर. मी अंगणात उभी, खिडकीतून टीव्ही पाहून ओरडायच्या कामावर.

"आला?"

"नाई."

"आता?"

"आला… गेला!"

"अवो मॅडम, नीट सांगा ना! आला का गेला?"

"येऊन राह्यला अन् जाऊन राह्यला, त्याले मी काय करू? तुमचा हात थरथरते!"

तो वरून हसला. "तुम्ही टीव्हीकडे पाहा ना. माझ्याकडे पाह्यलं तर हात थरथरनच."

"कोण पाहून राह्यलं तुमच्याकडे? कवेलू सांभाळा, डिशवाले भाऊ!"

"भाऊ नका म्हणू हो… बाकी काहीही म्हणा."

मी लाजली. अन् लाजली म्हणून स्वतःवरच चिडली.

चित्र आलं. घरात माणसं जमली, सतरंजी भरली, अन् काका नेहमीसारखा म्हणाला, "दिव्यानी, तू आता सयपाकखोलीत जा बाई. आज आपल्याले जिंकायचं हाय."

सगळे हसले. मीही हसली, सवयीनं.

"काऊन?" धनराज पाने-पकड पिशवीत भरता भरता थांबला. "त्यांनी काऊन जायचं?"

काकानं त्याले सगळा हिशेबच ऐकवला. दोन हजार सातले पहिलाच कप आपण जिंकलो, तेव्हा ही पोरगी मामाच्या गावाले, तिथी लाइनच नव्हती. चौदाची फायनल हिनं पाह्यली, हरलो. सोळाची सेमी पाह्यली, हरलो. "पनौती हाय आमची दिव्यानी!" काका लाडानंच म्हणाला.

लाडानं, हो. पहिले ती गंमतच होती. पण मागच्या हिवाळ्यात माझं साक्षगंध झालं, लग्न ठरलं. पोरगा मूल गावाकडचा, साधा, कमी बोलणारा. महिना नाई झाला अन् शेतावर गेलेल्या त्याले वाघानं नेलं. आमच्याकडे वाघाले कोणी दोष देत नाई. दोष माझ्या पायगुणाले लागला. तोंडावर कोणी बोललं नाई कधी, पण मॅच लागली की सगळ्यांले बोलायची सोय होत होती.

धनराजले हे काहीच माहीत नव्हतं. तो फक्त सरकला, सतरंजीवर हात थोपटला अन् म्हणाला, "इथी बसा. पाहू तर खरं काय होते."

मी बसली. भारत दहा विकेटनं हरला! दहा! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले, आता उठून कुठी पळावं असं झालं. तेवढ्यात धनराज शांतपणे विचारते, "काका, बॉलिंग यांनी केली काय?"

बस. त्या एका वाक्यावर माझं मन बसलं त्याच्यावर. लोकं प्रेमात पडाले चांदणं शोधतात, मी भर पराभवात पडली.

मग आमच्या गावच्या डिशी सारख्याच बिघडाले लागल्या. कधी वारा, कधी पाऊस, कधी काहीच नाई. बाजाराच्या दिवशी मी सिंदेवाहीले जायची, तो बसस्टँडवर उभा असायचा… मुद्दाम दुसरीकडेच पाहत.

"आज काय बिघडलं म्हणून आली?"

"काहीच नाई. ब्लाउजचा कपडा घ्याले आली."

"मंग मले काऊन शोधून राह्यली?"

"तोंड पाह्य आरशात. तुले कोण शोधते?"

एकदा त्याच्या दुकानामागच्या सागाखाली त्याले साक्षगंधाचं सगळं सांगून टाकलं. सांगताना मी खाली मान घालून पानं तोडत होती. तो म्हणाला, "वाघाले काय माहीत तुझं साक्षगंध झालं होतं म्हणून?" मले हसूही आलं अन् रडूही. त्यानं माझ्या हातातलं पान घेतलं, हळूच बोट धरलं. "मले पायगुण-बियगुण काही समजत नाई, दिव्या. मले तू समजते."

इतकं सुख मले आधी कोणी दिलं नव्हतं. म्हणून भीतीही वाटे. आपली टीम पाहा ना, साखळीत कशी रुबाबात जिंकते, अन् सेमी-फायनल आली की हात टेकते. माझंही तसंच. सगळं जमत येते, अन् मोडते.

बावीसचा वर्ल्ड कप आला. दिवाळी झाली, धान कापून झाला. इंग्लंडशी सेमी होती, अन् ती खेळली जात होती ऑस्ट्रेलियात, म्हणून आपल्याकडे भर दुपारी. धनराजनं बोलावलं.

"दुकानात मॅच पाहू. संपली की घरी नेतो तुले. आईले सांगून ठेवलं."

"काय सांगतलं?"

"सून आणतो म्हणलं."

"असं सरळ?"

"मंग काय वाकडं सांगू?"

मी हिरवी साडी नेसली. बाबांले सांगतलं, मैत्रिणीकडे जाते. एसटीत पूर्ण रस्ता पदर सारखा करत होती.

दुकानात दुरुस्तीले आलेले टीव्ही एकावर एक, अन् मधात मोठा चालू. त्याचे चार-पाच दोस्त बाकड्यावर. त्यानं मले आपल्या बाजूले स्टूल दिला. आपली बॅटिंग झाली, एकशे अडुसष्ट. बरे होते. तो फुटाणे सोलून माझ्या हातावर ठेवत होता, अन् दोस्तांसमोर ठेवत होता याचंच मले कौतुक.

मग इंग्लंडचे दोघं आले, अन् हानतच सुटले. चौका, छक्का, पुन्हा चौका. विकेट पडायचं नावच नाई. दुकान हळूहळू शांत होत गेलं. एका दोस्तानं माझ्याकडे पाह्यलं. मी ती नजर ओळखते, गावात रोजच पाहत होती. मी धनराजकडे पाह्यलं. म्हणलं, आता हा बोलन… तसंच काहीतरी, बॉलिंग यांनी केली काय.

त्यानं फुटाण्याची पुडी खाली ठेवली. माझ्याकडे न पाहता, एकदम हळू म्हणाला, "दिव्या… थोडी बाहेर उभी राहते काय?"

"काऊन?"

"असंच. एक विकेट पडेपर्यंत."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्याचे डोळे टीव्हीवरच. जबडा घट्ट. गंमत नव्हती त्याच्या तोंडावर.

मी उठली. पदर सावरला, बाहेर आली, समोरच्या कडुलिंबाखाली उभी राह्यली. अन् सांगू काय? मी खरंच वाट पाहून राह्यली होती. आतून ओरडा येईन, विकेट पडन, धनराज धावत बाहेर येईन, म्हणन, ये ना येडे. मी मनातल्या मनात हात जोडले. एक पडू दे देवा. एकच.

नाई पडली. एकही नाई पडली. सोळाव्या ओव्हरमधी इंग्लंड दहा विकेटनं जिंकलं, अन् दुकानातून आवाज आला तो फक्त टीव्ही बंद केल्याचा. माझ्या गावची एसटी समोर उभी होती. मी चढली.

दुसऱ्या दिवशी तो आला, गावाबाहेर शेताच्या धुऱ्यावर भेटला. डोळे लाल. "चुकलं माझं. तोंडातून निघून गेलं, दिव्या. मॅचच होती ना ती."

"मॅच होती म्हणून समजलं तरी."

"आई वाट पाहून राह्यली तुझी…"

"अन् लग्नानंतर आई आजारी पडली तर? तेव्हा मी कुठी उभी राहू, धनराज? किती वेळ?"

तो धुऱ्यावरचं गवत उपटत राह्यला. माझ्या तोंडातून रडणं फुटू नये म्हणून मी दात ओठावर रोवले, अन् मागं न पाहता घरी आली. बाबांनी विचारलं तर ऊन लागलं म्हणलं. नोव्हेंबरमधी!

त्याच्यानंतर दोन पाहुणे येऊन गेले. मीच नाई म्हणलं. धनराजनंही लग्न केलं नाई, असं ऐकू येई. गावच्या डिशी आता दुसराच पोरगा दुरुस्त करे.

चोवीसची फायनल आली, आफ्रिकेशी. काकाच्या टीव्हीसमोर मांडव पडल्यासारखी गर्दी. मी आपल्या खोलीत, मोबाइलवर, पहिल्या बॉलपासून. एका वेळी आफ्रिकेले तीस बॉलमधी तीसच रन पाहिजे होते. तेव्हा… काय सांगू… माझं मलेच वाटलं, उठावं, बाहेर जाऊन उभं राहावं. पाय खाली टेकलेही. मग मले माझाच असा राग आला! मी मांडी घालून बसली. हरले तर हरले, मी उठणार नाई. शेवटच्या बॉलपर्यंत बसून होती, अन् भारत जिंकला.

सकाळी धानाच्या बांधीत पऱ्ह्याच्या रोपांच्या कामाले लागली होती, तर फोन वाजला. नंबर पुसला होता, पण पाठ होता.

"पाह्यली काय?" त्याचा आवाज.

"पूर्ण."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या बॉलपासून."

तो श्वास सोडल्यासारखा हसला. "म्हणजे… तू तशी नव्हती, दिव्या."

"एवढं समजाले तुले वर्ल्ड कप लागला?"

"शिव्या दे. दे, मी ऐकतो." तो घाईनं म्हणाला. "उद्या येतो, आईले घेऊन. तू फक्त हो म्हण."

माझं मन तर पार त्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलं. अजूनही आवडत होता तो मले, खोटं काऊन बोलू? ओठावर हो आलंच होतं. तरी विचारलं, "अन् पुढच्या वेळी सेमीत हरलो तर?"

'हरू दे' म्हणाले पाहिजे होतं त्यानं. बस, एवढंच. मी चिखलात पाय रोवून, फोन कानाले दाबून, ते ऐकाले उभी होती. रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला, गेला.

"धनराज?"

"विचार करून राह्यलो," तो म्हणाला.

"कर," मी म्हणलं, अन् फोन ठेवला.

मग धुऱ्यावर बसली अन् पोटभर रडली. काका पलीकडच्या बांधीतून धावत आला. काऊन रडून राह्यली बाई, काय झालं?

"काही नाई, काका," मी म्हणलं. "भारत जिंकला ना."