न पोचलेलं ‘नको’

बंदरावरच्या बिनतारी खोलीत अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून तंत्रज्ञ बाईंनी हात पुसले. दुपारचे तीन. काचा तापलेल्या, सोल्डरचा जळका वास अजून घुटमळत होता.

“अ‍ॅम्प्लिफायर आहे हो हा, गाढव नव्हे,” त्या ऑपरेटरला म्हणाल्या. “टोचलं म्हणून जास्त ओढत नाही. आत जाईल त्याच्याच पटीत बाहेर यायला हवं. तुम्ही बटण पिळत सुटता, मग आवाजाचे शेंडे चपटे होतात आणि शब्दांचा भुगा!”

ऑपरेटर कसनुसा हसला. एरवी थापा मारण्यात वस्ताद गडी, पण भुगा म्हटलं की त्याची नजर खिडकीबाहेर खडकांकडे जायची.

गेल्या वर्षीच्या वादळात त्याच्या धाकट्या भावाची होडी बंदराच्या तोंडाशी आली होती. “दादा, आत येऊ का?” तोंडाशी लाटा खडकांवर फुटत होत्या, बाहेर खोल पाण्यातच थांबायला हवं होतं. ह्याने घाबरून बटण शेवटपर्यंत पिळलं आणि ओरडला, “येऊ नको!”

आपली भाषा द्वाड. नकार शेपटीला. शेपटीचा भुगा झाला की मागे काय उरतं, तुम्हीच सांगा.

धाकटा आत आला. खडकांवर.

बाईंनी अँटेनाची केबल काढून चाचणीचा डबा जोडला. आता इथला शब्द खोलीबाहेर जाणार नव्हता, की बाहेरचा आत येणार नव्हता. “बोलून बघा, मी चहा आणते,” म्हणून त्या गेल्या.

“एक, दोन, तीन...” मीटरची सुई शहाण्यासारखी हलली.

“दादा... येऊ का?”

स्पीकरमधून धाकट्याचा आवाज! ऑपरेटरने माइक ओठांशी धरला. पण या वेळी तो ओरडला नाही. एकेक अक्षर सुटं करत, हळू म्हणाला, “येऊ... नको... बाळा.”

“ऐकलं... तेव्हाही ऐकलं होतं रे.”

“मग आलास कशाला?”

“आवाज फाटला होता तुझा... तू असा कधी ओरडत नाहीस. वाटलं, तुलाच काहीतरी झालंय...”

वर्षभर त्या एका शब्दाला रडलेला माणूस टेबलावर डोकं टेकून बसला.

“दादा... आता येऊ का? फार गार आहे इथे...”

त्याने माइक खाली ठेवला. बोलायच्या बटणावरचं बोट काढलं. नुसत्या ओठांनी म्हणाला, “ये.”

“आलो.”

स्पीकरमधून नाही.

बाई परतल्या त्या दारातच थबकल्या. “अगंबाई, मी दोनच कप आणले!” म्हणाल्या. असं आपण का म्हणालो, ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही.